भेटीचा पास

मिल बंद पडली की चाळीत दोनच गोष्टी साठत जातात, खोकला आणि किस्से! नव्या आर्थिक धोरणावर मी कॉलेजात भाषणं ठोकायचो, टाळ्याही मिळायच्या. पण ते धोरण खरं कळलं ते शेजारच्या तात्यांमुळे. त्यांच्या बायकोच्या, शांताकाकींच्या छातीत मिलचा कापूस बसला होता. बायकोला वाचवायची, एवढंच तात्यांनी धरून ठेवलं होतं.

*

मिल कामगारांना एक दवाखाना फुकट होता. तिथला बाबू म्हणाला, "मिल चालू असल्याचं पत्र आणा."

तात्या म्हणाले, "भिया, मिल चालू असती तर हिला खोकायला सुट्टी कुणी दिली असती?"

*

मग मोठं सरकारी हॉस्पिटल. तिथे नुकतीच पर्चीला, म्हणजे केसपेपरला, फी लागली होती, एक्स-रेलाही. 'सुधारणेसाठी' असा बोर्ड होता. पहिली सुधारणा झाली पैसे घ्यायच्या खिडकीत. कूलर बसला!

"गरिबांना माफ आहे," आतला क्लार्क म्हणाला. "गरीब असल्याचा दाखला आणा."

दाखल्याच्या ऑफिसात मीही बरोबर गेलो. साहेबांनी तात्यांना विचारलं, "नोकरी?"

"मिलमध्ये. पण मिल बंद आहे."

"तुम्हाला काढलं का?"

"नाही."

"पगार?"

"नाही."

"मतलब नौकरी तो है! नोकरीवाल्याला दाखला मिळत नाही."

मी टेबलावर हात आपटला. तात्यांनी मलाच बाहेर ओढलं. "तुझ्या भाषणाने हिची पर्ची निघते का रे?"

*

चाळीत एकबत्ती कनेक्शन होतं, एका बल्बचं, फुकटातलं. त्यालाही बिल येऊ लागलं. मग सगळे रस्त्यावरच्या खांबाखाली ताटं घेऊन बसायला लागले. तेवढ्यात काटकसर म्हणून एक सोडून एक दिवा बंद झाला. आमचाच विझला!

मी शिव्या घालत उठलो. काकी खोकत खोकत म्हणाल्या, "बस रे, जेव. ताटात काय नाही ते दिसत तरी नाही!"

*

शेवटी काकी अ‍ॅडमिट झाल्या. भेटायच्या पासलाही पैसे. "त्यात हिचं औषध येतं," म्हणून तात्या आत जायचेच नाहीत. वॉर्डच्या बंद काचेबाहेर उभे राहायचे. दोघंही मिलमधले. मशीनच्या धडधडाटात तिथे शब्द ऐकू येत नसत, सगळं बोलणं ओठांनी आणि हातांनी. तसंच आता काचेतून चालायचं. कांद्याचा भाव, शेजारणीचं भांडण, सगळं! वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

एकदा भेटीची वेळ संपत आली होती. काकींनी उजवा हात वर नेला आणि हळूच खाली ओढला. मिलवाल्यांच्या पोरांना ही खूण लहानपणापासून ठाऊक असते. मशीन बंद कर.

तात्यांनी जोरात मान हलवली.

काकींनी पुन्हा हात खाली ओढला.

तात्या वळले आणि तडक पासच्या खिडकीशी गेले.

"काकाजी, घंटी बजने वाली है," क्लार्क म्हणाला. "पैसे वाया जातील!"

"फाड पर्ची," पैसे आत सरकवत तात्या म्हणाले.