साबणाच्या डबीतला आवाज

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. मोबाइल दुरुस्तीचं एवढंसं दुकान, पण पठ्ठ्या स्पीकर न उघडता, नुसता कानाला लावून त्याचं दुखणं सांगायचा. स्वतः बोलायचा मोजकंच. बोलायची सगळी हौस त्याच्या ताईच्या वाट्याला आलेली, आणि लग्नानंतर नेमकी तिच्यावरच तोंड मिटून राहायची पाळी आली. दाजींनी तिच्या फोनमध्ये असं काही टाकून ठेवलं होतं, की प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. संध्याकाळी चहा पिता पिता ते सगळे कॉल आपल्या फोनवर घेऊन ऐकत. काळजीपोटी, असं त्यांचं म्हणणं.

ताईला परगावी, मुलींच्या वसतिगृहात नोकरी मिळाली होती. ती घर सोडणार होती, कायमचं. दाजी तिला नजरेआड होऊ देत नव्हते, आणि भावाशी त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

म्हणून त्यानं दोन साबणाच्या डब्यांत सर्किट बसवलं. फोन आणि इअरफोनच्या मध्ये डबी जोडायची. तिच्यातून आवाज उलटा होऊन बाहेर पडायचा, खालचे सूर वर, वरचे खाली. पलीकडची डबी तो पुन्हा सरळ करायची. पहिला प्रयत्न पार फसला. आवाज इतका विचित्र झाला, की फोननं तो गोंगाट समजून गिळूनच टाकला. मग त्यानं माणूस बोलतोय असं वाटण्याइतपतच तो बिघडवला. चाचण्या घेता घेता आपलाच उलटा आवाज ऐकून त्याचे कान किटले. ताई चार्जर घ्यायच्या निमित्तानं येऊन तिची डबी घेऊन गेली आणि तिनं ती शिलाई मशीनच्या खणात दडवून ठेवली.

काल बोलता बोलता त्याच्या डबीची बॅटरी मेली. ‘उद्या मी’ एवढं कळलं, पुढं नुसती कलकल. त्यानं पुन्हा फोन लावला, तो तिनं उचलला नाही.

आणि आज साक्षात दाजीच दुकानात हजर, हातात ताईचा फोन घेऊन.

“बाकी सगळ्यांचे फोन ठीक येतात,” ते स्टुलावर टेकत म्हणाले. “तुझ्याशी बोलताना मात्र बदकं भांडतात.”

“माझा आवाजच तसा आहे, दाजी.”

दाजी हसले नाहीत. त्यांनी कालचा कॉल लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कानसेनच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. डबीशिवाय, उघड्या कानांनी, त्याला शब्द कळायला लागले होते: उद्या मी त्यांना तुझ्याकडे पाठवते. बस सुटेपर्यंत बसवून ठेव.

“तुमचं काम असेल तर जा,” संशय यायला नको म्हणून तो जपून म्हणाला. “फोन नंतर घरी आणून देतो.”

“नको. समोर बसून करून घ्या म्हणालीय तुझी ताई.”

त्यानं मान डोलावली, फोन उघडला, इवले इवले स्क्रू फडक्यावर मांडले. दाजींनी तोवर आपल्या फोनवर तोच कॉल पुन्हा लावला होता. डोळे मिटून ऐकत होते.

“अरे, सारखं ऐकलं की एखादा शब्द लागतो रे. हे बघ, इथं. ‘बस’ म्हणते का ती?”

“दाजी, हलू नका,” कानसेन म्हणाला. “स्क्रू पडला. पायाखाली येईल.”

दाजींनी फोन बंद करून खिशात टाकला, गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली हात फिरवू लागले. तोही शेजारी बसला, डाव्या हातानं फरशी चाचपत. उजव्या हाताची मूठ त्यानं मिटूनच ठेवली होती.

“सापडेल,” तो म्हणाला. “घाई कसली?”