कुंभ्याच्या फुलांविना सोमवार

श्रावणातल्या सोमवारी सकाळी मी खिचडीसाठी दाणे कुटत होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात गंगीमावशी उभी होती. डोंगराखालच्या वाडीत एकटी राहणारी ही म्हातारी श्रावणात दर सोमवारी महादेवासाठी कुंभ्याची फुलं घेऊन शहापुरात आमच्याकडे येते. आज तिची टोपली रिकामी होती.

"तुझ्या देवाला आज उपास घडला, बाय. फुला नाय," ती म्हणाली.

कुंभा कुणी लावत नाही. शहापूर-मुरबाडकडच्या बांधांवर, माळांवर तो आपला आपण उगवतो. पान चुरगाळलं की पुदिन्यासारखा उग्र वास येतो, आणि देठाभोवती बारीक पांढऱ्या फुलांचे गेंद धरतात. यंदा वाडीच्या आसपास सगळ्यांनी बांधांवर तणनाशक मारलं आणि कुंभा उभाच्या उभा जळाला.

"मग रिकामी टोपली कशाला आणलीस गो?"

"टोपली नसती तं लोकांनी इचारलं असतं, म्हातारी कुठं हिंडते म्हणून."

मी चहा ठेवला. तिचा मुलगा, शाम, बायकोला घेऊन भिवंडीला गोदामात कामाला गेलाय. येतो तो होळीला. वाडीतली तिच्या शेजारची घरंही अशीच बंद आहेत. फुलांचे पैसे मावशीने कधी घेतले नाहीत. चहा घ्यायची आणि मनसोक्त बोलायची.

आज मात्र कप रिकामा होताच ती टोपली उचलून उठली. मग म्हणाली,

"बाय, फुला नसली तरी मी सोमवारची येऊ का?"