चाकामागची मोकळी जागा

खरं सांगतो, त्या दिवसांत मी देवीवर रुसलो होतो. दर दसऱ्यातल्या आयुधपूजेला मी वडिलांच्या, अप्पांच्या, जुन्या पिकअपची जी सेवा करायचो, तशी आमच्या म्हैसूरच्या गल्लीत कुणी करत नसे. हार, कुंकू, चाकाखाली लिंबं, समोर कोहळा फोडणं, आणि चारी चाकं काढून त्यांना आतून-बाहेरून चंदेरी रंगाचा जाड हात. अप्पा जाऊन सहा वर्षं झाली, एकदाही खंड पडू दिला नाही. आणि तीच गाडी महिनाभरापासून पन्नासच्या वर गेली की पुढून अशी थरथरायची की हात कोपरापर्यंत बधिर व्हावेत. म्हटलं, आई चामुंडी, हेच का गं फळ?

लग्नांच्या स्वयंपाकाची भांडी या गाडीतून वाहून आमचं घर चालतं. पण मला खोड अशी, की एखादी गोष्ट का होते ते कळल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. चाळीसला गाडी शहाण्यासारखी चालायची, पन्नासला अंगात आल्यासारखी करायची. ब्रेक न दाबताही थरथर, म्हणजे ब्रेक नव्हे. उतारावर गिअर काढून बघितला, तरी तेच, म्हणजे इंजिनही नव्हे. बेळगोळचा मंजण्णा अप्पांच्या वेळेपासूनचा मेकॅनिक. त्यानं पुढची चाकं उचलून हलवून बघितली, सांधे तपासले, बेअरिंग तपासलं, मशीनवर बॅलन्सिंग केलं. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली, तरी शेवटी फरक शून्य. चाकं काढून बसवली की दोन दिवस बरं वाटायचं, मग ये रे माझ्या मागल्या.

“गोत्तिल्ला अण्णा,” एक दिवस त्यानं हात टेकले. कळत नाही, म्हणाला. घरी बायको म्हणाली, “अहो, होगलि बिडि आता. जाऊ द्या ती गाडी. तुम्ही धड राहिलात म्हणजे झालं.” माझं मन तुटत होतं. अप्पांच्या हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं ते स्टिअरिंग मी भंगारात कसं घालू? पण हिनकलच्या भंगारवाल्याला मी शब्द देऊन बसलो.

गाडी द्यायला निघालो तेव्हा डॅशबोर्डवरच्या देवीकडे बघून म्हणालो, “माझी अक्कल संपली. आता तुझं तू बघ.” यात भक्ती कमी आणि चिडच जास्त होती, हे कबूल करतो. रिंगरोडवर गतिरोधकाजवळ वेग कमी केला, तर शहाळी विकणारी एक बाई कोयता हातात घेऊनच उठली आणि ओरडली, “अण्णा, निल्लिसी! चक्र अल्लाडतिदे!” थांबवा, चाक हलतंय. मी मनात म्हटलं, बाई गं, अख्ख्या म्हैसूरला माहीत आहे ते! निघणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “पुढचं डावं.” महिनाभर स्टिअरिंग धरून मला डावं-उजवं कळलं नव्हतं, हिला कसं कळलं? त्या कुतूहलानं मला खाली उतरवलं.

डाव्या चाकाचा नट बोटांनी फिरला. दुसराही. तिनं मला स्टुलावर बसवून शहाळं हातात दिलं. कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, “मी रोज इथंच बसते. तुम्ही आत बसून चालवता, तुम्हाला चाक कुठून दिसणार?”

मंजण्णाला फोन केला. स्कूटरवर जॅक बांधून तो आला, चाक काढलं, उलटं केलं. आतली बाजू जिथं हबला, म्हणजे गाडीच्या आसावरच्या लोखंडी तबकडीला, टेकते तिथं त्यानं पान्याचं टोक घासलं, तर रंगाचा जाड पापुद्रा निघाला.

“इथं कुणी रंग मारला?”

“मी. भक्तीनं.”

त्यानं कपाळावर हात मारला. “अय्यो अण्णा! लोखंड लोखंडाला टेकायला हवं. मध्ये रंग आला की तो दबतो, चुरतो, नट सैल होतात, चाक तिरकं बसतं. चारी चाकांना हेच, मग अदलाबदल करून काय कळणार? आणि मीसुद्धा रोज बघून कधी बघितलं नाही!”

आम्ही तिथंच बसून चारी चाकं खरवडत राहिलो. काठावर माझ्या सहा थरांखाली अप्पांचा निळा रंग लागला. पण चाक जिथं टेकतं तिथं चंदेरीखाली निळा नव्हताच, उघडं लोखंड होतं. आणि मला आठवलं. अप्पा रंगवताना चाकाच्या मध्यावर वर्तमानपत्राचा गोल तुकडा चिकटवायचे. म्हातारा आळस करतोय, असं मला वाटायचं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. तो पान्यानं खरवडलेला भाग हाताखाली धरून मी त्या बाईसमोर ढसाढसा रडलो.

भंगारवाल्याला फोन करून माफी मागितली. चाकं बसवून नट आवळले आणि परतताना साठला गाडी नेली, देवीसमोरची उदबत्तीची राखसुद्धा हलली नाही.

त्या बाईला देवीनं उभं केलं की ती आपली रोजच्यासारखी बसली होती, ते मला ठाऊक नाही, आणि या एका बाबतीत मला शोधायचंही नाही. माझ्या सेवेत मीच फार होतो, एवढं कळलं. जिथं टेकायचं, तिथंही मी माझाच थर चढवून ठेवला होता.

यंदाच्या आयुधपूजेचा नारळ त्याच बाईच्या हातून फोडला. त्याआधी चाकं रंगवली, तेव्हा वर्तमानपत्र मागायला घरात गेलो, तर बायकोनं न विचारताच गोल कापून ठेवलं होतं.