सटाण्याचा कॉम्प्युटर आत येईना

दोन हजार सालानंतरचं पहिलं दशक संपत आलं होतं. नाशिकला एका लहानशा ऑफिसात मी गिऱ्हाइकांची सॉफ्टवेअर सांभाळायची. त्यात कांद्याचे एक व्यापारी होते. त्यांचा सर्व्हर नाशिकला आणि खरेदी पिंपळगावला न्‌ सटाण्याला. तिथली माणसं इंटरनेटवरून सर्व्हरला जोडून घेऊन रोजची आवक भरायची.

सटाण्याला बसणाऱ्या काकांशी माझी ओळख फक्त फोनवरची. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण स्क्रीनवर काही उमटलं की एकेक अक्षर वाचून दाखवायचे. मध्येच म्हणायचे, "थांबा, चष्मा पुसतो."

त्या उन्हाळ्यात आम्ही सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. पिंपळगाव लगेच जोडलं गेलं. सटाण्याहून मात्र फोन आला, "ताई, आज आत घेतच नाही हो. पासवर्डसुद्धा विचारत नाही."

मी नेहमीचं सगळं सांगितलं. वायर काढून लावा, मशीन बंद करून चालू करा. त्यांनी केलं. फोनच्या लाइनवर संशय आला, म्हणून लाइनमनला बोलावलं. तो लाइन ठीक असल्याचं सांगून, चहा पिऊन गेला. इकडे उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर येतच होते आणि काका सगळं कागदावर लिहून फोनवरून आम्हाला सांगत होते. एकदाही वैतागले नाहीत. उलट मलाच म्हणाले, "ताई, जेवलात का? आवाज उतरलाय तुमचा."

शेवटी मी सकाळची एसटी पकडली. सटाण्याच्या स्टँडवर उतरले, तर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ ब्रीफकेसवाल्या एका वयस्कर बाईंना विचारत होते, "नाशिकच्या ताई ना तुम्ही?" आवाज ओळखीचा. मी मागून हाक मारली, "काका!" ते वळले आणि माझ्याकडे बघतच राहिले. "अरे देवा, तुम्ही तर माझ्या लेकीएवढ्या!"

स्क्रीनवरचा संदेश काकांनी फोनवर अक्षर अक्षर वाचला होता, पण मला लागला नव्हता; ऑफिसात जाऊन तो स्वतः वाचला, तेव्हा उलगडा झाला. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर आधी आत यायचा आणि मग ओळख द्यायचा. नवा सर्व्हर ओळख पटल्याशिवाय आत घेत नव्हता. पिंपळगावचं मशीन नवं होतं, त्याला ही रीत ठाऊक होती. काकांचं जुनं होतं, त्याला नव्हती. लागलाच तर असावा म्हणून नाशिकहून सीडीवर आणलेला अपडेट मी टाकला, मशीन पुन्हा चालू केलं. तरी तेच!

नाशिकला आमच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सर्व्हरवरची अट काढून टाकू का? लगेच चालू होईल."

"नको सर," मी म्हटलं, "मग कोणालाही पासवर्डच्या खिडकीपर्यंत येता येईल. थोडा वेळ द्या."

काका शेजारी खुर्ची ओढून बसले. पंखा माझ्याकडे वळवला. दुपार सरत आली तेव्हा सापडलं. अपडेटबरोबर ती सोय आली होती, पण मुळात बंद ठेवलेली. ती आपल्या हातांनी चालू करावी लागत होती. केली, मशीन परत सुरू केलं. पासवर्डची चौकट आली, मग सर्व्हरचा निळा पडदा.

काकांनी मला बाजूला सरायला लावलं आणि शेऱ्याच्या रकान्यात एका बोटाने टाइप केलं, 'सटाणा हजर'. सर्व्हरवर ते वाचून नाशिकहून साहेबांचा फोन आला, ते मोठ्याने हसत होते.

मग काकांनी मला घरी नेलं. काकू दारातच होत्या. "हीच नाशिकनी ताई शे का?" असं अहिराणीत म्हणाल्या आणि माझा हात धरून आत घेऊन गेल्या. खापरावरचे मांडे आणि आमरस. मी नको म्हणेपर्यंत दुसरा मांडा ताटात. काकू म्हणाल्या, "रोज जेवताना तुमच्याच गोष्टी असतात. ताईने हे सांगितलं, ताईने ते सांगितलं." काका खाली मान घालून जेवत राहिले.

पुढे त्यांनाही नवं मशीन मिळालं आणि तक्रारी थांबल्या. फोन मात्र थांबले नाहीत. सकाळी कधीतरी वाजायचा.

"काय बिघडलं, काका?"

"काही नाही. चालू आहे, एवढंच सांगायचं होतं."