कोरडी राहिलेली होडी

आप्पा गेल्यावर भेटायला आलेला जो तो म्हणाला, मुलानं वडिलांचं फार केलं हो. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. होडीचं कुणाला ठाऊक नव्हतं.

आप्पांचं लहानपण कृष्णाकाठी गेलं. आजोबा मासे धरायचे आणि होड्याही दारातच बांधायचे. आप्पा मात्र संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला लागले नि मद्रासचेच झाले. निवृत्तीनंतर वेलचेरीतल्या आमच्या भाड्याच्या घरामागं त्यांनी होडी बांधायला घेतली. "एकदा दोघं बसू. तू वल्हं मार, मी जाळं टाकतो," म्हणायचे. तेव्हा मला हसू यायचं. आता डोळे मिटले की तेवढंच दिसतं, ते पुढं, मी मागं.

फळ्या जोडून झाल्या, फटींत कापूस ठोकून वर डांबर बसलं. राहिलं होडीला पाणी पाजणं. आत पाणी घालत राहिलं की लाकूड फुगतं नि फटी मिटतात. पण तो उन्हाळा टँकरचा होता, गल्लीत घागरींची रांग. आप्पा तांब्याभर पाण्यात अंग पुसून उरलेली बादली होडीत ओतायचे.

तेवढ्यात गावाकडं आत्या आजारी पडली. निघताना म्हणाले, "माझ्या वाटणीचं पाणी तिला घाल. कोरडी पडू देऊ नको, लेका."

पहिल्याच दिवशी बादली नेताना वरच्या मजल्यावरच्या मामींनी तमिळमध्ये टोकलं, "काय तंबी, आम्हाला प्यायला नाही, नि तुम्ही हिला रोज न्हाऊ घालताय. लग्न कधी हिचं?" रांगेतल्या बाया हसल्या. मी बादली घरात आणली ती पुन्हा नेलीच नाही. फोनवर आप्पांना "घालतोय" म्हणत राहिलो. ते येणार त्या सकाळी तेवढं पाणी ओतलं, गोणपाट भिजवून टाकलं. वरून ओली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी टेंपोनं होडी अड्यार नदीवर नेली, भरतीचं पाणी आत शिरतं त्या अंगाला. आधी आप्पा एकटेच चढले. मी दोर सोडायच्या आत त्यांच्या पायाशी पाणी आलं. एका फटीतून नव्हे, सगळ्यांतून. मी होडी काठाला ओढली.

"पाणी रोज घातलंस ना?"

"रोज."

त्यांनी फटीवरून अंगठा फिरवला. "मग कापूसच नीट बसला नाही. हात विसरला माझा. बाबा असते तर कानाखाली दिली असती."

"चालायचंच, आप्पा," मी म्हणालो.

फळ्या त्यांनी चहावाल्याला जळणाला दिल्या. अजूनही बस त्या नदीवरून जाते तेव्हा मी खिडकीची जागा धरतो. पाणी भरलेलं दिसलं की पूल संपेपर्यंत बघत राहतो.

पुढं घरात साधा खिळा ठोकायचा असला तरी मला हाक मारायचे. "तूच ठोक. माझ्या हाताचं आता काही खरं नाही." हातोडी माझ्याकडं देऊन शेजारी उभे राहायचे. तेव्हा सांगता आलं असतं. मी खिळा ठोकायचो.