सीदेच्या बंदरात पाय सोडून

रोहनचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते, आणि इस्त्रीखाली होता तो नलूबरोबरच्या प्रवासात घालायचा सुती कुर्ता. लेखाला शोभा यावी म्हणून हे लिहीत नाही. तसं झालं, आणि तसंच व्हावं याचा मला अजून राग येतो. "मावशी, तुम्ही आधी बसा, प्लीज," रोहन म्हणाला, आणि मी उभ्या उभ्याच समजले. त्याची आई नलिनी, माझी नलू, लेस्टरच्या आपल्या घरी सकाळचा चहा करताना कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. शेजारणीने मागच्या खिडकीतून पाहिलं तोवर सगळं संपलेलं होतं. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये उशाशी बसून दुसऱ्यांच्या श्वासांवर नजर ठेवणारी बाई, आणि तिच्या शेवटच्या श्वासाला सोबत होती फक्त किटली... तीही उकळून आपोआप बंद झालेली.

आम्ही दोघी पुण्याहून साधारण एकाच सुमारास, लग्न करून इकडे इंग्लंडला आलो. ती भूलतज्ज्ञ, मी लॅबमध्ये. ओळख झाली ती हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या सामायिक स्वयंपाकघरात, माझी डाळ उतू गेल्यावर. पुढे आम्ही लंडनला, एजवेअरला आलो आणि ती लेस्टरलाच राहिली, पण रविवारचा फोन कधी चुकला नाही. नलू तिखट बोलायची आणि स्वतःलाही त्यातून वगळायची नाही. "भूल देणाऱ्या बाईला कोण लक्षात ठेवतं गं?" म्हणायची. "पेशंट डोळे उघडतो आणि सर्जनला थँक्यू म्हणतो. मी तोवर पुढच्याला झोपवत असते." कामाचं तिला वाईट वाटायचं नाही. तिला वाईट वाटायचं ते रजेचं.

इथल्या आमच्या पिढीतल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. वर्षाची सगळी रजा भारताला द्यायची, हा जणू नियमच होता. नलूचे यजमान मनोहरराव हाडांचे डॉक्टर, माणूस सज्जन, पण त्यांच्या डोक्यात सुट्टी म्हणजे पुणे आणि पुणे म्हणजे त्यांचं घर. दर खेपेला चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, अत्तरं यांनी बॅगा फुटेस्तोवर भरायच्या, तिकडे पोचून नातेवाइकांच्या घरी ओळीने जेवायचं, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं आणि दमून कामावर परतायचं. लंडनहून पॅरिस आगगाडीने दोन-सव्वादोन तासांवर. ते नलूने पाहिलं विमानाच्या खिडकीतून, खाली दिवे दिसले तेवढं. आम्ही सगळ्यांनी हेच केलं आणि कुणी आमच्यावर सक्ती केली नव्हती, म्हणूनच आता चिडायचं तरी कुणावर तेही कळत नाही.

मनोहरराव गेले, त्यांच्या अस्थी नाशिकला गेल्या, आणि वर्ष उलटल्यावर एका रविवारी नलूने विचारलं, "शुभे, तुझा पासपोर्ट चालू आहे ना?" दाताच्या डॉक्टरकडे बसली असताना एका मासिकात तिने फोटो पाहिला होता. समुद्राच्या अगदी काठावर पांढरे उंच खांब, वर छप्पर नाही. तुर्कस्तानातलं सीदे नावाचं जुनं बंदर. "तिथे आपलं कुणी राहत नाही ना?" ती म्हणाली. "मग तिथेच जायचं." आम्ही दोघी सत्तरी ओलांडलेल्या, आणि भारत सोडून ही आमची पहिली सुट्टी.

ल्यूटनच्या विमानतळावर चेक-इनच्या रांगेत तिची बॅग भलतीच जड लागली. उघडायला लावली तर कपड्यांखाली चॉकलेटांचे डबे आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या. "अगं, कुणाला?" मी विचारलं. ती बॅगेकडे बघत राहिली. "हात आपोआप गेला गं..." आम्ही इतक्या हसलो की मागचे लोक आमच्याकडे बघायला लागले. हसता हसता तिचे डोळे भरले, ते मी पाहिलं. चॉकलेटं हॉटेलच्या सफाईवाल्या बायकांना दिली. व्हिटॅमिनं आम्ही दोघींनी आठवडाभर नाश्त्याबरोबर घेतली.

सीदे मला पहिल्या दिवशी आवडलं नाही. गल्लीभर नकली पर्सेस, चाच्यांच्या जहाजासारखी रंगवलेली टूरिस्ट होडकी, कानाशी गाणी. पण दुकानं संपली की एकदम ते खांब येतात आणि खाली लहानसं बंदर. आमची गाइड उन्हाने रापलेली, चुणचुणीत बाई होती. तिने सांगितलं की या बंदरात वाळू सतत भरत राहायची. इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ती उपसली आणि समुद्राने ती परत आणून टाकली, शेवटी गावच थकलं. आणखीही एक तिने सांगितलं. समुद्रापलीकडून जे लोक इथे वस्तीला आले ते उतरताक्षणी आपली भाषा विसरले, अशी जुनी कथा आहे. "उतरताक्षणी?" नलू माझ्या कानाशी म्हणाली. "आपल्याला निदान एक पिढी लागली." रोहन आठवला असणार. त्याचं मराठी ऐकताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत आहे. तो मनापासून बोलायचा आणि ती त्याची एकही चूक दुरुस्त करायची नाही.

दुपारी गाइड गेली आणि आम्ही डाळिंबाच्या रसाचे पेले घेऊन बंदराच्या दगडी कडेला बसलो. पाण्यातले दगड शेवाळलेले, म्हणून नलूने तिथल्याच दुकानातून निळे रबरी बूट घेतले होते, तिच्या मापाहून मोठे. ते काढून तिने पाय पाण्यात सोडले, आणि ती तशीच बसून राहिली, ऊन कलेपर्यंत. मी तिला इतका वेळ रिकाम्या हाताने बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "शुभे, मी गेले की मला इथे सोडा."

"गप बस. काहीही बोलतेस."

"खरंच सांगते. नाशिकला नको. तिथे हे आहेत, सासूबाई आहेत, मामंजी आहेत. परत सगळ्यांचा चहा मीच करायचा?"

मी हसले, पण ती हसत नव्हती. मी म्हटलं, मग रोहनला सांग, मला सांगून काय उपयोग. ती म्हणाली, ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे. "त्याला इथे घेऊन येते. या दगडावर बसवते आणि सांगते. बघितल्यावर कळेल त्याला." परतल्यावर तिने खरंच ऑक्टोबरचं बुकिंग केलं, तिघांचं. रोहनने शाळेत हाफ-टर्मच्या सुट्टीला जोडून लीव्ह मागून घेतली. तो शिक्षक आहे, तेव्हा ती मिळवायला त्याला हेडशी बरंच बोलावं लागलं. नलू मला दर रविवारी त्या दगडाबद्दल बोलायची, जसं काही तो कुणी पळवून नेणार होतं. दगड तिथेच आहे. गेली ती नलू, ऑगस्टमध्ये.

इथे मरण आलं तरी माणूस लगेच जात नाही. क्रेमेटोरियमची तारीख मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि त्या आठवड्यांत पुण्याहून रोहनच्या आत्याचे फोन सुरू झाले. अस्थींसाठी नाशिकचे गुरुजी ठरले, दिवस ठरला. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये चहा चालू असताना मी रोहनला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. दगड, पाय, बूट, तिचे शब्द. सासरच्या चहाचंसुद्धा सांगितलं. तो हसला, कारण त्याला त्यात त्याची आई ऐकू आली. मग रडायला लागला.

"मावशी, तुम्ही खोटं नाही बोलणार, आय नो. पण आई मला कधीच नाही बोलली. नॉट वन्स."

"ती तुला तिथे नेऊन सांगणार होती रे."

"मला हे प्रॉपर करायचंय. माझा मराठी असा, मला पूजा येत नाही, काहीच येत नाही. हे एक तरी मी राइट करू दे. बाबा तिथे आहेत. आईला टर्कीमध्ये एकटी कशी ठेवू मी?"

मी पुन्हा म्हटलं की तिला एकटंच राहायचं होतं. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच ऐकवेना. आईला एकटं राहायचं होतं, हे कुठल्या मुलाने त्या दिवशी मान्य करावं? त्याने माझा हात धरला, "सॉरी मावशी" म्हणाला, आणि पाहुण्यांना चहा विचारायला गेला. माझं नातं काय, तर मैत्रीण. मैत्रिणीच्या हाती शब्द असतात, अस्थी नसतात.

नाशिकहून परतल्यावर त्याचा फोन आला. "सगळं प्रॉपर झालं, मावशी. आत्या हॅपी आहे. ऑक्टोबरची माझी लीव्ह होती ना, तीच वापरली. हेड म्हणाले, ओके."

मी "बरं केलंस बाळा" म्हटलं आणि फोन ठेवला. नलूच्या नावाने उरलेली शेवटची सुट्टीही पुन्हा भारतातच खर्च झाली. यात कुणाचा दोष नाही. रोहन चांगला मुलगा आहे, आत्या चांगली आहे, गुरुजींनीही सगळं नीट केलं असणार. कुणी वाईट असतं तर मला निदान भांडता आलं असतं. लोक म्हणतात, ती आता जिथे असेल तिथे सुखात असेल. मला तसं वाटत नाही. मला वाटतं ती कुठेच नाही, आणि तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या चांगुलपणात बुडाली.

ल्यूटन माझ्या घरून जवळ, म्हणून नलूने आपली प्रवासाची पिशवी माझ्याच जिन्याखाली ठेवली होती. "परत जायचंच आहे, उगाच लेस्टरला कशाला ओढू?" म्हणाली होती. परवा केर ओढायचा हूवर काढताना ती पिशवी कलंडली आणि तिचे निळे बूट बाहेर पडले. बुटांतून वाळू सांडली, चमचाभरही नसेल... त्या गावाने पिढ्यान् पिढ्या उपसली तीच. मी हूवरचं बटण दाबायला वाकले आणि तिथेच जिन्यापाशी खाली बसले. बूट पायात घालून पाहिले. मला तर ते आणखीच मोठे होतात. ऑक्टोबर आता आला, माझं तिकीट तसंच आहे, पण मी जाणार नाही. त्या दगडावर एकटी बसून मी कुणाला काय सांगू?

हूवर तसाच परत आत ठेवला. पॅसेजमधून जाताना ती वाळू पायाला लागते. लागू दे.