शेवटच्या झाडाचे पाणी

धुळ्याच्या तंत्रनिकेतनात चुडामण पाटील सरांची सारी नोकरी गेली, आणि तोंडी परीक्षेला मुलांना आत पाठवताना त्यांनी दर वर्षी एकच उपदेश केला. परीक्षकाने चूक दाखवली की ‘हो सर’ म्हणावे आणि गप्प राहावे. विचारले तेवढेच उत्तर द्यावे. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाला परतीची बस गाठायची असते. त्याच्याशी वाद घालून आजवर कोणाचे गुण वाढलेले नाहीत.

हा उपदेश एकाच मुलाने मोडला. तो अतिक, दोंडाईच्याचा, सुताराचा मुलगा. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा दाब टोकाशी किती उरतो, या प्रश्नावर त्याने परीक्षकाला सरळ सांगितले की तुमचे गणित चुकते आहे. ते खरोखरच चुकत होते. परीक्षकांनी वही मिटली आणि गुण द्यायचे तेवढेच दिले. बाहेर जिन्यापाशी सरांनी अतिकला थांबवले.

“तुझं बरोबर होतं, हे मला कळतं,” ते म्हणाले. “पण समोर कोण बसलंय ते आधी पाहावं. पुन्हा असं करू नकोस.”

अतिकने खाली पाहिले आणि म्हटले, “हो सर.”

पुढे तो जळगावात ठिबक सिंचनाचे आराखडे काढणाऱ्या एका कचेरीत लागला, तिथेच नाजमीनशी संसार थाटला, आणि सर निवृत्त झाले. निवृत्तीनंतर सरांनी संगणकाची भाषा शिकून घेतली. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ओळ आपल्या जागी, प्रत्येक टीप पूर्णविरामासह. सुनंदाबाई, त्यांच्या पत्नी, शेजारणींना सांगत, “ह्यांना जमलं तर हे त्या संगणकालाही इस्त्री करतील.”

या शिस्तीला काम दिले ते अतिकने. ठिबकाच्या नळ्यांचा हिशोब करणारे सॉफ्टवेअर कंपन्यांकडे असते, पण ते कुलपात. अतिकच्या मनात आले की हाच हिशोब खुला लिहावा, म्हणजे ज्याला हवा त्याने तो घ्यावा, आपल्या प्रोग्रॅमला जोडावा, वाटल्यास सुधारावा. अशा तयार हिशोबाला त्या जगात लायब्ररी म्हणतात. सरांनी बांधणी केली, आणि अतिकने तिच्यात एक तुकडा घातला, त्याला दोघेही ‘टोकाची दुरुस्ती’ म्हणत. पुस्तकातले गणित धरून चालते की नळीच्या तोंडाशी दाब कायम असतो. अतिकने पाहिलेल्या केळीच्या बागांत तसे नव्हते. वीज उतरली की मोटर मंदावे, गाळणी मातीने भरे, आणि नळीच्या टोकाची झाडे कोरडी राहत. कचेरीच्या कामाला शेतावर गेला की तो ड्रिपरखाली, म्हणजे पाणी ठिबकणाऱ्या तोटीखाली, पेले लावून बसे आणि साचलेले पाणी मोजे. त्या मोजणीवरून त्याने तो तुकडा बसवला होता.

मग अतिकची मूत्रपिंडे गेली. आधी औषधे झाली, नंतर डायलिसिस, आणि नंतर डॉक्टर नाजमीनला बाजूला घेऊन बोलू लागले.

सरांनी तेव्हा लायब्ररी एका नियतकालिकाकडे परीक्षणासाठी पाठवली. अशी नियतकालिके खुल्या सॉफ्टवेअरची तपासणी सर्वांसमक्ष करतात. परीक्षकांचे म्हणणे आणि लेखकांची उत्तरे कोणालाही वाचता येतात. मान्यता मिळाली की लेखकांची नावे कायमची नोंदली जातात. अतिकचे नाव पहिले लागावे, आणि ते त्याने स्वतः पाहावे, एवढीच सरांची इच्छा होती. ती त्यांनी सुनंदाबाईंनाही बोलून दाखवली नाही. पण ते जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवू लागले, तेव्हा त्या समजून गेल्या.

परीक्षणे आली, ती परस्परविरुद्ध.

पहिल्या परीक्षकांचा सूर करडा होता. ही टोकाची दुरुस्ती कोणत्याही ग्रंथात आढळत नाही, असे त्यांनी लिहिले होते. ती कशाच्या आधारावर केली आहे? तिच्याशिवाय हिशोब अधिक साधा आणि तपासण्याजोगा होणार नाही का? दुसऱ्या परीक्षक बाईंनी लिहिले होते की बाकीचे सारे इतरत्र मिळते. नवे असे काही असेल तर ते हीच दुरुस्ती. ती वाढवा आणि बाकीचे तिच्याभोवती रचा.

सर दोन दिवस अस्वस्थ होते. एक जण काढा म्हणतो, दुसरा वाढवा म्हणतो. दोन्ही कसे करायचे? तंत्रनिकेतनात अशा वेळी वाट ठरलेली असे. घरचा परीक्षक आणि बाहेरचा परीक्षक यांचे जुळले नाही, तर बाहेरच्याचा शब्द शेवटचा. इथे दोघेही बाहेरचे. तेव्हा सरांनी जो अधिक कडक तो मोठा मानला. कडक परीक्षकाचे समाधान झाले की निकाल लवकर लागतो, हा त्यांचा अनुभव होता, आणि लवकर लागणे हेच आता सगळ्यांत महत्त्वाचे होते.

त्यांनी टोकाची दुरुस्ती काढली. सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या, त्या बिनचूक उतरल्या. पहिल्या परीक्षकांना कळवले की आपली सूचना शिरसावंद्य मानून बदल केला आहे. बाईंना कळवले की आपण आभारी आहोत, पुढील आवृत्तीत अवश्य विचार करू. उत्तर पाठवण्यापूर्वी अतिकला विचारायला हवे होते, हे त्यांच्या मनात आले. पण आजारी माणसाला कशाला शिणवायचे, म्हणून ते तसेच राहिले.

पाठवल्यावर मात्र त्यांना घरी बसवेना. पारोळा-एरंडोलवरून जाणारी बस धरून ते जळगावला गेले. अतिक डायलिसिसच्या खुर्चीत होता. हाताला नळ्या लावलेल्या, तोंडावर सूज. सरांना पाहून तो जरा ताठ बसायला गेला. नाजमीनने त्याच्या पाठीमागे उशी सारली आणि सरांना स्टूल दिले. सरांनी काय केले ते सांगितले, दोन्ही परीक्षणे वाचून दाखवली, आणि हेही सांगितले की निकाल आता अगदी जवळ आला आहे.

अतिकने यंत्राकडे पाहिले. मग हसला.

“म्हणजे टोकाची झाडं वाळली, सर.”

“परीक्षक म्हणताहेत, अतिक.”

“पेल्यांची मोजणी पाठवली होती का त्यांना? माझ्या मोबाइलमध्ये आहे बठ्ठी.”

“त्यांनी मोजणी मागितली नव्हती,” सर म्हणाले. “विचारलं तेवढंच उत्तर द्यावं.”

अतिकने सरांच्या इस्त्रीच्या बाह्यांकडे पाहिले, जिन्यापाशी खाली पाहिले होते तसेच, आणि मान हलवली. “हो सर. मग बठ्ठं बराबर शे.”

सरांच्या आवाजात जडपणा आला की त्यांना असे ‘सगळं बरोबर आहे’ घरच्या अहिराणीत ऐकवून हसवायचे, ही अतिकची जुनी युक्ती. त्या दिवशी सर हसले. परतीच्या बसमध्ये त्यांना हलके वाटत होते. मुलाने मनाला लावून घेतले नाही, असे त्यांनी धरले.

अतिक त्यानंतर फार दिवस टिकला नाही. दफनाला सर गेले, कबरीवर मूठभर माती टाकली आणि लोक पांगेपर्यंत कडेला उभे राहिले. निकाल आला नव्हता.

तो पुढच्या आठवड्यात आला, आणि तो निकाल नव्हताच. बाईंनी लिहिले होते की आता या लायब्ररीत नवे काहीच उरले नाही; मान्यतेची शिफारस करणे त्यांना कठीण जाईल. त्याखाली पहिल्या परीक्षकांचे चार ओळींचे उत्तर होते. त्यांनी दुरुस्ती काढायला सांगितलेच नव्हते. त्यांनी आधार विचारला होता. लेखक आपली बाजू मांडतील, प्रत्यक्ष मोजणी असेल तर दाखवतील, याची ते वाट पाहत होते. ती मिळाली असती तर त्यांचा आक्षेप तिथेच संपला असता. इतका विचारपूर्वक लिहिलेला भाग लेखकांनी एका प्रश्नासरशी का टाकून दिला, हे त्यांना समजले नव्हते.

सरांनी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचले. सुनंदाबाई चहा ठेवून गेल्या, तो तसाच निवला. ज्या परीक्षकाला बस गाठायची नव्हती, असा परीक्षक त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि ते त्याला ओळखू शकले नव्हते. प्रश्न हा प्रश्न असतो, आज्ञा नसतो, हे त्यांनी एकाही वर्गाला शिकवले नव्हते. शिकवणार कसे?

नाजमीनने अतिकच्या मोबाइलमधली मोजणी पाठवली. काढलेला तुकडा जुन्या आवृत्तीतून परत आणणे सोपे होते. त्या जगात पुसलेले पुसले जात नाही. सरांनी तो होता तसा बसवला, त्यातल्या अतिकच्या ओबडधोबड टिपासुद्धा सुधारल्या नाहीत. मग पहिल्या परीक्षकांना मोजणी जोडून सविस्तर लिहिले : आपली शंका योग्य आहे, परंतु दुरुस्तीशिवाय हिशोब अधिक चांगला होईल, याच्याशी आम्ही सहमत नाही. हे वाक्य त्यांनी एकदा पुसले आणि पुन्हा लिहिले. बाईंनाही त्यांनी कळवले की वाढ किती करता येईल आणि किती नाही, कारण पुढची मोजणी करणारा आता हयात नाही. दोघांनी मान्यता दिली. अतिकचे नाव पहिले लागले.

मान्यतेचा छापील कागद घेऊन सर जळगावला गेले. नाजमीनने तो दोन्ही हातांनी घेतला, नावावरून नजर फिरवली आणि विचारले की टोकाचे ते आता आत आहे ना. सरांनी मान हलवली.

“म्हणजे त्यांचं बरोबर होतं?”

“बरोबर होतं.”

“शेवटी शेवटी ते म्हणायचे, पेले लावतानाच माझी चूक झाली असणार. सर उगीच काढणार नाहीत.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी म्हटलं, विचारा तरी त्यांना. तर म्हणाले, सरांशी वाद नाही घालायचा.”

नाजमीनने कागदाची घडी केली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा केली.

“हे त्यांना सांगायला हवं होतं, सर. ते असताना.”

एवढ्या वर्षांत त्या घरातून सरांना कोणी असे सुनावले नव्हते. उत्तरे पुष्कळ होती : घाई कशासाठी होती, कोणासाठी होती, हे सारे त्यांना सांगता आले असते. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, आणि तो हातातच धरून म्हणाले, “हो.”